जिभेला हाड नसतं

एकोणीस वर्षं मी रात्री मोजत आले.
मेंढ्या नाही, सेकंद.
लाइलचा श्वास थांबला की एक, दोन, तीन,
चौदापर्यंत मी पडूनच असायची,
विसाला कोपर टेकून उठायची,
तिसाच्या पुढं गेलं की
खांद्याला धरून गदागदा हलवायची,
आणि तो, खडकात रुतलेली होडी सुटावी तसा
घर्रकन परत यायचा.
“काय झालं?” विचारायचा. माझ्यावरच चिडून.

दिवसा तो पूल उचलायचा.
डुलूथच्या बंदरात, कालव्याच्या तोंडाशी,
अख्खा रस्ता वर घ्यायचा
खनिज भरलेल्या जहाजांसाठी.
जहाजानं भोंगा देऊन मागायचं,
पुलानं भोंग्यानंच हो म्हणायचं.
तेहेतीस वर्षांत कुणाला अडवलं नाही, असं सगळे म्हणतात.
एकदाच, नोव्हेंबरात, खुर्चीत डोळा लागला.
जहाजानं दोनदा मागितलं.
तिसऱ्यांदा हा जागा झाला.
हे त्यानं मला सात वर्षांनी सांगितलं,
गॅरेजमध्ये, पाठ करून.

मुखवटा आणून झाला होता,
सोंडेसारख्या नळीचा.
पहाटे तो पलंगाखाली सापडायचा
आणि कुत्रा त्याच्यावर गुरगुरत बसलेला.

मग डॉक्टर रुडनं त्याला भूल देऊन झोपवलं,
नाकातून कॅमेरा घातला
आणि नंतर पडद्यावर मला दाखवलं: हे बघा.
घशाच्या तोंडाशी जीभ मागं कलंडलेली,
दमलेल्या माणसानं दारालाच पाठ लावून झोपावं तशी.
एवढंच?
एकोणीस वर्षं मी जिच्याशी झगडले
ती ही, गुलाबी, ओली, गाढ झोपलेली?

जिभेला हाड नसतं म्हणतात
ते बोलणाऱ्यांचं.
लाइल दिवसाला चाळीसेक शब्द बोलतो,
त्यातले निम्मे हवेबद्दल.
त्याची जीभ कधी कुणावर सुटली नाही.
घसरली ती रात्री, आत,
त्याच्याच गळ्यात.

मार्चमध्ये उजव्या हासळीखाली
काडेपेटीएवढं यंत्र शिवलं,
एक तार हनुवटीखालून
जिभेच्या नसेला बिलगलेली.
महिनाभर ते नुसतं बसून होतं, मुकं.
सरोवरावरचा बर्फ तडकायला लागला त्या आठवड्यात
तंत्रज्ञ मुलीनं, मार्लिसनं, ते सुरू केलं.
“आता जीभ पुढं येईल, घाबरू नका.”
आणि आली.
अडुसष्ट वर्षांचा पूलवाला
आम्हा दोघींना शाळकरी पोरासारखा
वेडावून दाखवत होता, मनात नसताना.
मी इतकी हसले की खुर्चीचा हात धरावा लागला.
मग तोही हसला. जीभ बाहेरच.

आता झोपताना तो रिमोट छातीवर टेकवतो,
बटण दाबतो, तोंड भिंतीकडं करतो.
अर्ध्या तासानं आत कुणीतरी कामावर येतं
आणि दर श्वासाला
ते जडशीळ दार हलकेच पुढं सारतं.

आणि मी जागी.
एवढ्या शांततेची सवय नाही मला.
एक, दोन, तीन म्हणेतो पुढचा श्वास येऊनही जातो.
माझे आकडे तिनापाशीच संपतात,
उरलेल्यांचं काय करायचं कळत नाही.
कधी वाटतं, इतका गप्प, म्हणजे गेला की काय.
मग हात लांबवते,
कातडीखालची ती टणक कड चाचपते,
जसं कुणी कुलूप लागलंय ना ते परत जाऊन बघतं.

काल रात्री डोळे न उघडताच तो म्हणाला,
“किती झाले?”

मला वाटायचं, त्याला ठाऊकच नाही.

“तीन,” मी म्हटलं.
“मग झोप, मर्ना.”
तो कुशीवर वळला.
मी उगाच एकदा
चार म्हणून पाहिलं.